शून्य दाखवणारा सेन्सर: सोलापूरच्या एका टॉवेल युनिटमधलं कॅलिब्रेशन प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोड आणि चिंचोळी या दोन्ही औद्योगिक वसाहतींत माझी गॅस सेन्सरच्या देखभालीची कामं असतात. हे युनिट त्यांतल्या कुठल्या वसाहतीतलं, ते सांगत नाही. मालकांनी लिहायला परवानगी दिली ती नाव न घेण्याच्या अटीवर. टेरी टॉवेलचं प्रोसेसिंग युनिट आहे: रंगाई, धुलाई, सॉफ्टनर, मग स्टेंटरवर, म्हणजे कापड गरम हवेनं सुकवणाऱ्या मशीनवर, सुकवणं. स्टेंटर थेट एलपीजीवर चालतो. गॅस बाहेरच्या शेडमधल्या सिलिंडरच्या मॅनिफोल्डमधून (सगळे सिलिंडर जोडलेल्या सामायिक पाइपमधून) येतो आणि आत बर्नरच्या आधी गॅस ट्रेनमधून जातो. गॅस ट्रेन म्हणजे रेग्युलेटर, फिल्टर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हची (विजेवर उघडबंद होणाऱ्या व्हॉल्व्हची) रांग.

गळती ओळखायला चार सेन्सर बसवलेले होते. एक आणि दोन नंबर मॅनिफोल्डच्या शेडमध्ये, तीन नंबर गॅस ट्रेनपाशी, चार नंबर स्टेंटरच्या तोंडाशी, जिथं टॉवेल सॉफ्टनरच्या कुंडीतून पिळून आत शिरतो. चारही पेलिस्टर जातीचे, म्हणजे तापलेल्या मण्यावर गॅस जाळून मोजणारे, आणि चार ते वीस मिलिअँपिअरच्या करंटवर (चार म्हणजे शून्य, वीस म्हणजे शंभर) पॅनलला जोडलेले. एलईएल म्हणजे हवेत गॅसचं किमान किती प्रमाण झालं की ठिणगीनं पेट घेईल, ती मर्यादा. प्रोपेनसाठी ती हवेच्या दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. पॅनल या मर्यादेचे टक्के दाखवतं. वीसला भोंगा, चाळीसला सोलेनॉइड बंद, अशी मांडणी होती.

सेन्सर बसवले पुरवठादारानं. वर्षाचं देखभालीचं काम नंतर माझ्याकडे आलं. सहा महिन्यांतून एकदा जायचं, झिरो बघायचा (गॅस नसताना शून्य येतं का), माहितीच्या प्रमाणाचा गॅस देऊन स्पॅन लावायचा (आकडा त्या प्रमाणाशी जुळवायचा), प्रमाणपत्र द्यायचं. ऑगस्टमध्ये एकदा केलं, फेब्रुवारीत दुसऱ्यांदा. दोन्ही प्रमाणपत्रांवर चारही सेन्सरांपुढे एकच आकडा होता: ५०, म्हणजे दिलेल्या गॅसाइतकाच. दिसायला झकास.

काय घडलं

मे महिन्यातली गोष्ट. बाहेर पारा त्रेचाळीसला टेकलेला, स्टेंटरच्या खात्यात त्याहून वर. सकाळी आठच्या पाळीला आलेल्या ऑपरेटरला गॅस ट्रेनपाशी वास आला. त्यानं पॅनल पाहिलं, चारही शून्य. देखभालीच्या मामांना हाक मारली. मामा म्हणाले, "सॉफ्टनरचा वास असेल ओ, दुसरं काय." ऑपरेटर मात्र हटला नाही. दहाच्या सुमारास त्यानं थेट मलाच फोन लावला: "साहेब, वास तर येतोय बघा, पण डबा शून्यच दाखवायलाय."

मी पोचलो. साबणाचं पाणी लावून पाहिलं, तर फिल्टरच्या पुढच्या युनियनवर, म्हणजे पाइपच्या जोडावर, बारीक फुगे. गळती किरकोळ होती. गॅस बंद करून, गॅस्केट बदलून, पुन्हा साबण लावून तासाभरात ती मिटली.

इथं एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण युनिटमध्ये पुढं आठवडाभर उलटीच चर्चा चालली होती. वास आला आणि मीटर शून्यावर राहिलं, एवढ्यावरून मीटर खोटं ठरत नाही. एलपीजीत मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात, ते याच हिशेबानं की गॅस एलईएलच्या पाचव्या हिश्शापर्यंत साचायच्या आत माणसाच्या नाकाला कळलाच पाहिजे. नाक तर त्याच्याही कितीतरी आधी ओळखतं. फुग्याएवढ्या गळतीत सेन्सरनं शून्य दाखवलं, तर ते खरंही असू शकतं. त्या गळतीनं मीटरची चूक सिद्ध झाली नाही, पण तिच्यामुळे मी बॅगेतली गॅसची बाटली बाहेर काढली.

बम्प टेस्ट

बम्प टेस्ट म्हणजे माहितीच्या प्रमाणाचा गॅस देऊन सेन्सर किती दाखवतो ते पाहणं. बाटली मिथेनची, हवेत २.५ टक्के. जुन्या पद्धतीनं मिथेनचा एलईएल ५ टक्के धरला, तर हे बरोबर अर्धं, म्हणजे ५०. पॅनलला इन्हिबिटवर टाकलं, म्हणजे आकडा कितीही चढला तरी सोलेनॉइड बंद होणार नाही. हे आधी करायची सवय मला एका फजितीनं लागली आहे. दुसऱ्या एका युनिटात इन्हिबिट न करताच मी गॅस दिला, चाळीसला सोलेनॉइड पडला, स्टेंटर आतल्या मालासकट थांबला आणि पंचवीस-तीस मीटर पांढरा टॉवेल पिवळट होऊन बाहेर आला. त्या मालाचे पैसे बिलातून कापले गेले होते.

तर कप लावला, रेग्युलेटर उघडला, मिनिटाला अर्धा लिटर प्रवाह, दोन मिनिटं थांबलो. एक नंबर ४७. दोन नंबर ४५. तीन नंबर ३१. चार नंबरवर आकडा दोन, चार, पाच करत सहावर जाऊन बसला. बाटली काढून पुन्हा लावली. पुन्हा सहाच.

पन्नासच्या जागी सहा दाखवणाऱ्या सेन्सरचा भोंगा वीसवर लावलेला. म्हणजे तो वाजायच्या आधी हवा पेट घेण्याजोगी झालेली असणार. आणि इतके दिवस पॅनलवर त्याच्यापुढे हिरवा दिवा होता.

कारण शोधताना

सेन्सर कमी दाखवतो म्हटलं की शंका घ्यायला जागा चार: बाटली, वायर, तोंडावरची जाळी आणि खुद्द सेल, म्हणजे गॅस ओळखणारा आतला भाग.

बाटलीचा प्रश्न लगेच सुटला. तीच बाटली एक नंबरला ४७ दाखवत होती. वायरिंगसाठी ट्रान्समीटरशी व्होल्टेज मोजलं. पॅनलवरून चोवीस व्होल्ट निघत होते, लांब केबलमुळे टोकाला वीसच्या खाली आले होते, पण ट्रान्समीटरला लागतं त्याच्या वरच. मग सेन्सरच्या जागी लूप कॅलिब्रेटर, म्हणजे हवा तेवढा करंट सोडणारं उपकरण, लावून बारा मिलिअँपिअर सोडले. पॅनलनं नेमके ५० दाखवले. पॅनल आणि वायर दोन्ही निर्दोष.

उरली जाळी. टॉवेलच्या कारखान्यात कापसाची लव कुठं नसते? चार नंबरच्या सिंटर्ड जाळीवर करड्या गोधडीसारखा थर बसला होता. मामांना खात्री झाली की हेच कारण. मलाही तसंच वाटत होतं, कारण ते स्वस्तातलं कारण होतं. जाळी साफ करून पुन्हा गॅस दिला: ९. तीन अंकांचा फरक. म्हणजे लिंटनं, त्या लवेनं, थोडा अडथळा केला होता, पण खरा मार आतल्या सेलला बसला होता.

पेलिस्टरमध्ये दोन बारीक मणी असतात. एकावर उत्प्रेरकाचा लेप, दुसरा कोरा. दोन्ही तापवलेले, साधारण ५०० अंशांच्या आसपास. गॅस आला की लेपाच्या मण्यावर तो जळतो, मणी जास्त तापतो, त्याचा रोध बदलतो आणि व्हीटस्टन ब्रिजचा, म्हणजे दोन्ही मण्यांची तुलना करणाऱ्या सर्किटचा, तोल जातो. तोल किती गेला, तेच रीडिंग. आता लेप मेला तर? गॅस जळत नाही, दोन्ही मणी सारखेच तापलेले राहतात, ब्रिज समतोल राहतो आणि रीडिंग शून्य येतं. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असली तरी काटा मधोमधच उभा असतो. वायर तुटली, मणी तुटला, तर फॉल्टचा दिवा लागतो. लेप मेल्याचा दिवा कुठल्याच पॅनलवर नाही.

लेप मारणाऱ्या पदार्थांत पहिला मान सिलिकॉनचा. त्याची वाफ तापलेल्या मण्यावर जळते आणि सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच जातीचा, पातळ थर मागे ठेवते. तो निघत नाही.

मी मामांना विचारलं, "सॉफ्टनर कुठला वापरता?" मामांनी डाय मास्टरांना बोलावलं. मास्टर म्हणाले, "दिवाळीनंतर बदललाय की. आता सिलिकॉनचा आहे. एक्स्पोर्टवाल्यांना मऊ लागतो." नोव्हेंबरपासून रोज कुंडीत सिलिकॉन सॉफ्टनर होता आणि चार नंबर कुंडीपासून सहा-सात फुटांवर. मग ते चार आकडे पुन्हा पाहिले: ४७, ४५, ३१, ६. कुंडीपासूनचं अंतर कमी होईल तसा आकडाही खाली येत गेलेला. याहून सरळ पुरावा मला तरी हवा नव्हता.

माझी चूक

ही नोंद लिहायचं खरं कारण हे आहे. सॉफ्टनर नोव्हेंबरात बदलला आणि मी फेब्रुवारीत येऊन गेलो होतो. तेव्हा चार नंबरला गॅस दिल्यावर आकडा रेंगाळत चढला होता, हे मला आठवतं. कितीवर थांबला ते मात्र आठवत नाही, कारण मी लिहिलंच नव्हतं. थोडं थांबलो, मॅग्नेटिक पेन (डबा न उघडता सेटिंग करायची चुंबकी कांडी) टेकवला, स्पॅन मान्य केला, पॅनलवर ५० आले, प्रमाणपत्रावर ५० लिहिले. मरत चाललेल्या सेलचा आवाज मी इलेक्ट्रॉनिक्सनं मोठा करून ठेवला होता.

आमच्या कामात ॲज फाउंड आणि ॲज लेफ्ट असे दोन रकाने असतात: हात लावायच्या आधी काय सापडलं आणि हात लावल्यावर काय सोडलं. माझ्या फॉर्ममध्ये पहिला रकाना होता, आणि त्यात मी चारही ओळींना बरोबरच्या खुणा केल्या होत्या. तिथं ३५ लिहिले असते, २८ लिहिले असते, काहीही लिहिलं असतं, तरी फेब्रुवारीतच कुणीतरी विचारलं असतं की सहा महिन्यांत एवढं खाली का आलं?

हे मालकांना सांगायचं की नाही, यावर मी चहाच्या टपरीवर अर्धा तास घालवला. सांगितलं. ते चिडले, पण काम काढून घेतलं नाही.

त्या दिवशीचा निर्णय

गळती मिटली होती, पण स्टेंटरपाशी भरवशाचा सेन्सर नव्हता. माझ्याकडे एक शिल्लक सेल होता, दुसरा पुण्याहून मागवावा लागणार होता. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल टाकलं तरी सकाळ उजाडणार. मी म्हटलं, तोवर स्टेंटर बंद ठेवू. मालक म्हणाले, "अहो, कंटेनर उद्या निघायलाय. बंद कसं करू सांगा."

शेवटी मधला मार्ग निघाला. शिल्लक सेल तीन नंबरला बसवला, कारण गळतीची शक्यता जोडण्यांपाशी जास्त आणि सगळ्या जोडण्या गॅस ट्रेनवर. चार नंबरच्या जागी माझं हातातलं पोर्टेबल मीटर बम्प करून टांगलं, दर अर्ध्या तासाला रीडिंग लिहायला एक माणूस नेमला आणि स्टेंटर चालू ठेवला.

आज विचाराल तर मी हा निर्णय पुन्हा घेणार नाही. पोर्टेबल मीटरमध्येही पेलिस्टरच असतो आणि मी तो त्याच सिलिकॉनच्या वाफेत रात्रभर टांगला. सकाळी बम्प केलं तेव्हा तो ५० च्या जागी ४४ दाखवत होता. शिवाय पोर्टेबल मीटरला सोलेनॉइड बंद करता येत नाही. भोंगा वाजला असता तर झोपेतल्या माणसानं धावत जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचा, अशी ती व्यवस्था होती. काही झालं नाही, म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही.

कायमच्या उपायाचे पर्याय

पहिला पर्याय: पुन्हा पेलिस्टरच, पण विषरोधक जातीचा. स्वस्त, जुन्याच डब्यात बसतो. पण विषरोधक म्हणजे विष सावकाश चढणारा, एवढाच अर्थ. आम्हाला सहाच्या जागी बारा महिने मिळाले असते.

दुसरा: सॉफ्टनर जुना करायचा. मास्टरांनी हा विषय दोन मिनिटांत संपवला. गिऱ्हाइकानं मंजूर केलेला हात, म्हणजे टॉवेलचा स्पर्श, बदलता येत नाही.

तिसरा: इन्फ्रारेड सेन्सर. यात काही जळत नाही. हायड्रोकार्बनचे रेणू ३.३ ते ३.४ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात, तेवढा किती कमी झाला ते मोजायचं. सिलिकॉननं त्याचं काही बिघडत नाही, आणि काच मळली की तो स्वतःहून फॉल्ट देतो. किंमत, आम्हाला मिळालेल्या कोटेशनप्रमाणे, पेलिस्टरच्या जवळपास तिप्पट. त्याची दुखणी वेगळी: काचेवर लिंट, धुलाईखात्यातली वाफ आणि उष्णता. सोलापूरच्या मे महिन्यात स्टेंटरच्या कडेला सेन्सरच्या डब्याचं तापमान किती जातं, हे कॅटलॉग वाचून कळत नाही. मी थर्मामीटर बांधून तीन दुपारी मोजलं. ५२ अंश मिळाले. पहिल्या कंपनीचं मॉडेल ५५ पर्यंतचं होतं, ते सोडलं आणि ६५ पर्यंतचं घेतलं.

मालकांनी विचारलं, चारही इन्फ्रारेड का नकोत? बाहेरच्या शेडमध्ये कारण नव्हतं. तिथं ४७ आणि ४५ येत होते, सिलिकॉन नव्हता आणि पैसे त्यांचेच होते. तीन आणि चार इन्फ्रारेड, एक आणि दोन पेलिस्टर, असं ठरलं.

बसवताना आणि कॅलिब्रेट करताना

चार नंबर आधी छातीच्या उंचीवर होता. विचारलं तर उत्तर मिळालं, खाली बसवला की ट्रॉली आपटते. एलपीजी हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. तो जमिनीवरून पाण्यासारखा पसरतो आणि गटारीत, खड्ड्यात साचतो. छातीच्या उंचीवरचा सेन्सर जिवंत असता, तरी त्याला उशिराच कळलं असतं. आता दोन्ही सेन्सर जमिनीपासून साधारण फूटभर वर आहेत, ट्रॉलीसाठी लोखंडी पाइपचं कुंपण आहे आणि फरशी धुताना पाणी उडू नये म्हणून वर टोपी. टोपी असली की बाटलीचा कप बसत नाही, हे बसवल्यावर कळलं. मग नळीसाठी भोक पाडलेली दुसरी टोपी मागवली.

गॅसचा मुद्दाही तेव्हाच निघाला. सुरुवातीला पुरवठादारानं सगळे सेन्सर मिथेनवर लावले होते आणि मीही तेच पुढे चालवलं. कारखान्यात मात्र एलपीजी, म्हणजे प्रोपेन-ब्युटेन. पेलिस्टर या गॅसांना मिथेनपेक्षा कमी प्रतिसाद देतो. या बनावटीच्या मॅन्युअलात प्रोपेनचा गुणक १.६ दिला आहे. म्हणजे पॅनलवर २० दिसत असताना खरे ३२, आणि सोलेनॉइड पडायच्या ४० ला खरे ६४. सेन्सर ठणठणीत असतानाही भोंगा उशिराच वाजणार होता. मॅन्युअल कपाटात होतं, पान ३८.

बाटली घेतानाही एक खोच आहे. प्रोपेनचा एलईएल कुणी २.१ टक्के धरतं, कुणी आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या तक्त्याप्रमाणे १.७. त्यामुळे नुसतं "५० टक्के एलईएल" लिहिलेल्या दोन बाटल्यांत गॅस सारखा असेलच असं नाही. लेबलवर हवेतलं प्रमाण काय लिहिलंय ते वाचायचं. आम्ही १.७ धरला आणि ०.८५ टक्क्यांची बाटली घेतली. त्यात भोंगा लवकर वाजतो, उशिरा नाही.

मग मिथेनची बाटली टाकून द्यायची का? नाही. उत्प्रेरकाला विष चढायला लागलं की मिथेनचा प्रतिसाद आधी पडतो, कारण मिथेन जाळायला सगळ्यांत अवघड. प्रोपेन बराच काळ ठीक दिसत राहतो. मरायला टेकलेल्या चार नंबरवर नंतर ०.८५ टक्के प्रोपेन दिला तेव्हा ११ आले होते. निरोगी सेलवर मिथेनच्या स्पॅननं ३१ यायला हवे होते. म्हणजे प्रोपेनचा एक तृतीयांश प्रतिसाद शिल्लक होता आणि मिथेनचा, जाळी साफ केल्यावरही, पाचव्या हिश्शाहून कमी. म्हणून बाहेरच्या दोन पेलिस्टरना स्पॅन प्रोपेनवर लावला, पण दर वेळी मिथेनही देतो आणि आकडा लिहितो. तो ८० च्या आसपास येतो. हा आकडा घसरू लागला की सेल आजारी.

इन्फ्रारेडला हे लागू नाही. तिथं सेटिंगमध्ये कुठल्या गॅसचा आलेख निवडलाय ते बघायचं. आमचे कारखान्यातून मिथेनवर आले होते, प्रोपेनवर बदलले.

निकाल

बम्प टेस्ट आता महिन्याला एकदा मामा करतात, मी तिमाहीला. चार सेन्सर, वीस मिनिटं. रजिस्टर पॅनलच्या दारातच लटकवलेलं आहे. इन्फ्रारेड दोन्ही ४९ ते ५१ च्या मध्ये. चार नंबरनं पावसाळ्यात दोनदा फॉल्ट दिला, दोन्ही वेळा काचेवर लिंट होती, पुसल्यावर गेला. ऑपरेटरांना तो फॉल्ट कटकटीचा वाटतो. मला तो आवडतो.

नवं केमिकल आलं की मास्टर मामांना सांगतील, असंही ठरलं. आतापर्यंत दोनदा सांगितलं, एकदा विसरले.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच भेटीत मी सेन्सरकडे जायच्या आधी खात्यातून एक फेरी मारीन आणि ड्रमांवरची लेबलं वाचीन. बंद ठेवायचं तर बंद, यावर अडून बसेन. आणि शिल्लक सेल एक नाही, दोन ठेवीन.

गेल्या तिमाहीला गेलो तेव्हा बाहेरच्या शेडमध्ये दोन नंबरवर प्रोपेन ४६ आला, मिथेन ५८. आधी तो ७९ होता. शेडमध्ये सॉफ्टनर नाही, कुंडी नाही, मग काय? इकडेतिकडे पाहिलं. सेन्सरच्या वरच्या अँगलवर स्प्रेचा डबा ठेवलेला होता. जाम झालेल्या व्हॉल्व्हवर मारायला फिटरनं आणलेला, लेबलवर ठळक अक्षरांत सिलिकॉन. मामांच्या हातात डबा दिला. मामांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे पण?" नवा सेल मागवायला फोन केला. रजिस्टरमध्ये दोन नंबरपुढे लिहिलं: सापडला ४६, सोडला ५०, मिथेन ५८, सेल बदलणे.